वऱ्हाडचा धनी कोण?

शिरपूर हें गांव अंतरिक्ष पार्श्वनाथामुळें दूरदूरच्या जैन यात्रेकरूंस ठाऊक आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीं 'या गांवाचा राजा कोण?' असें कोणीं पुसलें असतें, तर उत्तर सोपें नव्हतें. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केलें, तें कंटिंजंट फौजेच्या खर्चापायीं. १९०२ सालीं वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यांत तें कायमच्या पट्ट्यानें त्यांस मिळालें. कारभार इंग्रजांचा, नांव निजामाचें! १९३६ च्या करारानें निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब लाभला. कारभार मात्र होता तेथेंच राहिला. या तिन्ही कागदांवर रयतेची संमति कोठेंच नाहीं.

याच सुमारास सयामांतही राजाचें नांव आणि सत्ता यांची फारकत झाली. १९३२ च्या क्रांतीनंतर राजा गादीवर राहिला, अनियंत्रित सत्ता गेली. १९३९ मध्यें देशाचें नांव 'थायलंड' ठेवण्यांत आलें, आणि भाषा, पोषाख यांविषयीं सरकारी हुकूम निघूं लागले. दक्षिणेकडील मलयभाषी मुसलमानांस ते जाचक झाले. वऱ्हाडांत रयतेस पुसलें नाहीं. तेथें रयतेनें कोण व्हावें हेंच ठरवून दिलें.

वऱ्हाड १९६० पासून महाराष्ट्रांत आहे, आणि स्वतंत्र विदर्भाचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. पुष्कळांस तो कटकटीचा वाटतो. परंतु 'आपण कोण?' हा प्रश्न येथें आतां रयत स्वतःच वादते, ही १८५३ च्या मानानें लहान गोष्ट नव्हे.