मोटर अजमावताना

खाचेच्या ट्रॅकवर खेळण्यातल्या मोटारींची शर्यत लावणारी काही मुलं मला विचारतात, ईदीचे पैसे साठवून मोटर तपासायचं यंत्र घ्यावं का? 'अजमावणे' हे क्रियापद मराठीने फारसीकडून घेतलं. उर्दूत ते 'आज़माना'. अजमावण्याचा एक धडा आपल्या कल्याणच्या लोहमार्गावरच आहे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. १९२९ मध्ये वीज कल्याणहून पुण्यापर्यंत गेली; त्याच सुमारास ठाकुर्लीचं चोळे पॉवर हाऊस उभं राहिलं. जलद गाड्यांसाठी जीआयपी रेल्वेने आधी तीन वेगवेगळ्या बनावटीची इंजिनं आणली, चालवून पाहिली, मग त्यातल्या एकाच बनावटीची आणखी २१ घेतली. बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. नुसती मोकळी फिरणारी मोटर त्या चढाचं काही सांगत नाही. ओझं ओढताना ती किती वीज खाते, किती तापते, हे पाहावं लागतं.

तेव्हा मुलांनो, पुष्कळ मोटरींतून निवड करायची असेल, तर ओझं देऊन मोजणारं यंत्र सगळ्यांनी मिळून एकच घ्या. मोटर एकच असेल, तर ट्रॅक आणि घड्याळ पुरे. ईदी राखून ठेवा.