खुब्यातली पूड

पॅरिसच्या ज्यूडे बंधूंनी काढलेला ॲक्रिलिकचा गोळा एका इंग्रज गृहस्थाच्या खुब्यात बसवला होता. तो पुढे वाकला की सांधा असा करकरे, की बायको खोलीतून उठून जाई. ही करकर जॉन चार्नली या सर्जनच्या डोक्यात बसली. घर्षण मारायचं तर टेफ्लॉनसारखं निसरडं दुसरं काही नाही, असा हिशेब करून लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात १९५८पासून त्याने टेफ्लॉनची वाटी आणि पोलादाचा गोळा असे सुमारे ३०० खुबे बसवले. माणसं काठ्या टाकून चालू लागली.

तीनेक वर्षांत वाट्या झिजल्या. पुन्हा उघडलेल्या खुब्यांत सांध्याभोवती पांढरट लगदा साठलेला आणि हाड खाल्लेलं दिसलं. वाटीच्या झिजेपेक्षा तिच्या पुडीनेच जास्त नासधूस केली होती. बिघडलेले खुबे चार्नलीने स्वतः काढले.

१९६२च्या मे महिन्यात एक विक्रेता यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जाणारं पॉलिथिलीन घेऊन आला. चार्नलीने नाक मुरडलं. त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र साहेब परगावी असताना तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवलाच. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजे, त्याहूनही हे तीन आठवड्यांत कमी झिजलं! तरी पोळलेल्या चार्नलीने दोन्हींची पूड आधी स्वतःच्या मांडीत घालून घेतली. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या गाठी फुगल्या. पॉलिथिलीन जेमतेम हाताला लागे. एका मांडीवरचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण त्या नोव्हेंबरात नवी वाटी बसली आणि पुढची कित्येक दशकं टिकली.

पूडही टिकली, फक्त बारीक झाली. भक्षक पेशी मायक्रॉनहून लहान कण गिळतात, पण पॉलिथिलीन त्यांना पचत नाही. मग त्या दाह पेटवणारी रसायनं सोडत राहतात, हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि रोपण ढिलं पडतं. बरेचदा दुखतही नाही, म्हणून एक्स-रेत दिसेपर्यंत पत्ता लागत नाही.

विलर्ट आणि झेम्लिच या संशोधकांनी १९७७मध्ये कणांकडे बोट दाखवलं होतं. तरी दोष बराच काळ रोपण हाडात पक्कं करणाऱ्या सिमेंटच्या माथी बसला. १९८७पर्यंत ‘सिमेंट रोग’ हे नावही रूढ होत होतं. सिमेंटशिवाय बसवलेल्या खुब्यांभोवतीही हाड झडू लागलं, तेव्हा ते नाव मागे पडलं.

पुढे किरणोत्साराने रेणू एकमेकांना जखडलेलं पॉलिथिलीन आलं आणि झीज खूपच घटली. काहींनी प्लास्टिकच हद्दपार करून धातूवर धातू घासायला लावला. त्यातून कोबाल्ट-क्रोमची आणखी बारीक पूड निघाली, स्नायूंत गाठी झाल्या, आणि जगभर सुमारे ९३,००० जणांना बसवलेलं असं एक रोपण २०१०मध्ये कंपनीला परत बोलवावं लागलं.