कपाटातल्या कॅसेटी आणि त्यांना वाचवणारं यंत्र



आज आपण एका अशा वस्तूबद्दल बोलू, जी अनेकींच्या घरी आहे, पण वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावलेला नाही. ट्रंकेत साडीखाली, माळ्यावर, नाहीतर कपाटाच्या वरच्या फळीवर पडलेली व्हिडिओ कॅसेट. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या डोहाळजेवणाची, कुठे गटाच्या पहिल्या मेळाव्याची, तर कुठे दारूबंदीच्या मोर्चाची. कॅसेट आहे, पण ती लावायचं यंत्र बंद पडलंय. मग प्रश्न येतो की ही मोबाइलवर दिसेल अशी करून घ्यायची, तर त्यासाठी कोणतं यंत्र घ्यायचं?

उत्तराआधी थोडा इतिहास ऐका. कॅसेट कशी बनली हे कळलं, की यंत्र निवडणं सोपं जातं.

चित्र टेपवर साठवणारं पहिलं कामाचं यंत्र अमेरिकेतल्या ॲम्पेक्स कंपनीने १९५६ साली दाखवलं. ते कपाटाएवढं होतं आणि टेप दोन इंच रुंद. ते टीव्ही केंद्रांनाच परवडायचं. टेप इतकी महाग, की जुना कार्यक्रम पुसून तिच्यावरच नवा घेत. ब्रिटनच्या बीबीसीचे कितीतरी कार्यक्रम असेच कायमचे गेले. पुढे १९७५ मध्ये जपानच्या सोनीने बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये जेव्हीसीने व्हीएचएस ही घरगुती कॅसेट आणली. आपल्या ट्रंकेतली कॅसेट बहुधा ही व्हीएचएसच असते. तिच्यातली टेप अर्धा इंच रुंद असते.

आपल्याकडे १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं आणि मग व्हीसीआर गावोगाव पोचला. विकत घेणारे थोडे, भाड्याने आणणारे फार. एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, अंगणात मांडायचा आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे बघायचे. लवकरच फोटो स्टुडिओवाल्यांनी कॅमेरे घेतले आणि लग्नाच्या मांडवात मोठा दिवा धरून शूटिंगवाला फिरू लागला.

तोवर घरात बाईचा फोटो असलाच तर एखादा, तोही ताठ उभा. या कॅसेटीत मात्र ती चालते, हसते, बोलते. नवरीला हळद लावणारी आत्या, चुलीपाशी घामाघूम झालेली काकू, उखाणा घेताना अडखळणारी नवी सून. शूटिंगवाला टिपायला आला होता नवरा-नवरीला, पण मागे राबणाऱ्या बायाही नकळत टिपल्या गेल्या. त्यांच्यातल्या कितीतरी आज हयात नाहीत.

बायांनी स्वतः कॅमेरा हातात घेतल्याचाही इतिहास आहे. अहमदाबादच्या सेवा संस्थेत १९८४ साली अमेरिकेच्या मार्था स्टुअर्ट यांनी बायांना व्हिडिओ शिकवला. शिकणाऱ्या बाया कष्टकरी होत्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तिथून ‘व्हिडिओ सेवा’ उभी राहिली आणि बाया आपल्या कामाच्या, आपल्या अडचणींच्या फिल्म स्वतः बनवू लागल्या.

आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या म्हणून आज ते आवाज इंटरनेटवर ऐकता येतात. जात्यावर न बसलेल्या नातीही ते ऐकू शकतात. बायांचा इतिहास सरकारी दप्तरात कमी सापडतो. तो असाच कुणीतरी जपून ठेवलेला असतो.

आता अडचण काय ते पाहू. कॅसेटमधली टेप म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी आणि तिच्यावर डिंकासारख्या पदार्थाने बसवलेली लोहाची बारीक भुकटी. वर्षांमागून वर्षं तो डिंक सैल होतो. दमट हवेत टेपला बुरशी येते, कोकणात तर फारच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच बजावलं होतं की टेपवरचा ठेवा २०२५ पर्यंत डिजिटल करा, पुढे ते फार अवघड होईल. दुसरीकडे यंत्रंही संपत चालली. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. बाकीच्या कंपन्यांनी ते आधीच थांबवलं होतं. म्हणजे आता जो व्हीसीआर मिळेल तो जुनाच.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला यंत्रं दोन लागतात. एक कॅसेट चालवणारं, दुसरं त्यातून निघालेलं चित्र डिजिटल करून साठवणारं. लोक दुसऱ्याच्या मागे धावतात, पण चित्र चांगलं येणार की वाईट हे आधी पहिल्यावर ठरतं. नीट चालणारा, टेप न चावणारा व्हीसीआर शोधा. तालुक्याच्या जुन्या फोटो स्टुडिओत किंवा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात विचारा. आधी बिनकामाची कॅसेट लावून बघा. ती गुंतली नाही, चित्र हललं नाही, तरच आपली कॅसेट आत घाला.

दुसऱ्या यंत्राचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला, कॉम्प्युटरला लावायची छोटी कॅप्चर कांडी. एका बाजूला पिवळी, लाल, पांढरी पिन, दुसऱ्या बाजूला यूएसबी. हा सगळ्यात स्वस्त प्रकार. पण यातली खोच समजून घ्या. व्हीसीआरमधला गोल ढोल मिनिटाला १५०० फेरे घेत टेपवरून चित्र वाचतो. टेप जुनी झाली, ताणली गेली, की चित्राच्या रेषा थोड्या मागेपुढे येतात. जुना टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. कॉम्प्युटर मात्र हिशेबी. रेषा वेळेवर आली नाही तर स्वस्त कांडी चित्र गाळते आणि मग ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे.

दुसरा, स्वतंत्र पेटी. तिला छोटा पडदा असतो आणि चित्र थेट पेनड्राइव्हवर किंवा कार्डावर जातं. कॉम्प्युटर लागत नाही, एक बटण दाबलं की काम सुरू. गटातल्या कुणालाही हे जमतं. मात्र चित्राचा दर्जा पेटीच ठरवते, आपल्याला फार बदलता येत नाही.

तिसरा, जुना डीव्हीडी रेकॉर्डर. नुसता प्लेअर नव्हे, रेकॉर्डर. काहींमध्ये हलणाऱ्या रेषा सरळ करायची सोय असते, म्हणून खराब टेपला हे यंत्र बरं पडतं. पण तेही आता जुनंच मिळतं आणि डिस्कवरून पुढे पेनड्राइव्हवर न्यायचं काम उरतं.

माझं मत विचाराल तर, गटात कॉम्प्युटर चालवणारी मुलगी असेल तर बरी कांडी घ्या, नसेल तर स्वतंत्र पेटी घ्या. घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

एक, यंत्रात ‘पाल’ ही निवड हवी. आपल्याकडचं चित्र पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चित्रांचं. अमेरिकेची एनटीएससी पद्धत निराळी. चुकीची निवड ठेवली तर चित्र काळंपांढरं दिसतं किंवा वर-खाली पळतं.

दोन, ‘एव्ही टू एचडीएमआय’ नावाची छोटी डबी बाजारात स्वस्त मिळते. ती जुनं यंत्र नव्या टीव्हीला जोडते, साठवत काहीच नाही. ती घेऊन फसू नका.

तीन, कॅसेट कोणती ते पाहा. छोटी व्हीएचएस-सी असेल तर अडॅप्टरमध्ये घालून व्हीसीआरमध्ये चालते. आठ मिलिमीटरच्या छोट्या कॅसेटीला असा अडॅप्टर नसतो, तिला तिचाच कॅमेरा लागतो. मिनी-डीव्ही तर मुळातच डिजिटल, ती तिच्या कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर वेगळ्या वायरने उतरवावी लागते.

आता काम. टेपच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी समजा. ती कॅसेट लावू नका, बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा. एका कॅसेटची बुरशी व्हीसीआरला लागते आणि त्यातून पुढच्या कॅसेटींना. कॅसेटच्या पाठीवर डावीकडे एक छोटा तुकडा असतो, तो तोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड होत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. साधारण दर्जात तासाला दोन जीबी धरा. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशा दहाएक कॅसेटी मावतात. पण एकाच ठिकाणी ठेवू नका, दोन प्रती करा आणि दोन घरांत ठेवा.

घरोघरी वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही. काम एकदाच असतं. गटाने मिळून एक यंत्र घ्या, वहीत नोंद करून पाळीने वापरा, जमलं तर शेजारच्या गावाला भाड्याने द्या. व्हीसीआर आपण भाड्यानेच पाहिला होता की!

अजून एक सांगते. लग्नाच्या कॅसेटीत शूटिंगवाल्याने बहुतेकदा सिनेमाची गाणी घातलेली असतात, त्याखाली मंगलाष्टकं आणि उखाणे बुजून गेलेत. स्टुडिओत मूळ, न जुळवलेली कॅसेट शिल्लक आहे का विचारा. मिळाली तर तुमच्या आजीचा खरा आवाज तिच्यातच असेल.

आणि डिजिटल झालं म्हणून जुनी कॅसेट भंगारात देऊ नका. कितीतरी जणींच्या लग्नाची कुठे नोंद नाही. नवऱ्याने टाकलं, पोटगी मागायची वेळ आली, की लग्न झालं होतं हे दाखवायला पत्रिका, फोटो, कॅसेट हेच हाताशी असतं. तेव्हा मूळ वस्तू जवळ असलेली बरी. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा, कोरड्या जागी, चुंबकापासून आणि उन्हापासून लांब.

मोबाइलवर पाठवण्याआधी त्यात दिसणाऱ्या बायांना विचारा. कुणाचं लग्न मोडलं असेल, कुणाला ते दिवस आठवायचे नसतील. त्यांचा नकार मानायचा.

या आठवड्यात एवढंच करा. बैठकीला येताना घरातली कॅसेट बरोबर आणा. ती कोणाची, कुठल्या साली, तिच्यात कोण कोण आहे, हे वहीत लिहून घ्या. जुन्या बायांना आताच विचारा. चेहरे यंत्र उतरवून देईल. पण मागे पोळ्या लाटणारी ती बाई कोण, हे सांगणारं कुणीतरी जिवंत असेपर्यंतच कळेल.