अर्धी गोळी, छत्तीस तास

पॅरासिटामॉल म्हणजे घराघरातलं भरवशाचं औषध. लहान मुलांनाही आपण ते बिनघोर देतो. मांजरासाठी मात्र ते विष आहे. ४ किलोच्या मांजराला साडेसहाशे मिलिग्रॅमची अर्धी गोळी दिली आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत, तर साधारण काय घडतं, त्याचा हा घटनाक्रम.

रविवार, रात्री ९
मांजर दुपारपासून मलूल आहे. बांगड्याच्या तुकड्याला तोंडही लावलेलं नाही, कान तापलेत. दवाखाना बंद. घरातलं कुणीतरी मायेपोटीच दोन चमच्यांमध्ये अर्धी गोळी चुरडतं आणि दुधात कालवून पाजतं. पोटात गेलं ३२५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ८०हून जास्त. मांजरांना किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झालेली आहे.

रात्री ९.३०
औषध रक्तात उतरतंय. माणसाचं यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. हे काम करणारं विकर मांजरात जवळपास नसतंच. दुसरी वाट आहे, पण ती लवकर तुंबते. उरलेल्या औषधापासून घातक रसायनं तयार होऊ लागतात.

रात्री १०.३०
अंग जरा निवल्यासारखं वाटतं, मांजर झोपतं. ‘गुण आला’ म्हणून सगळे निजायला जातात. सगळ्यात मोलाची वेळ हीच. डॉक्टर आत्ताच उलटी करवू शकतात, औषध शोषून घेणारी कोळशाची पूड देऊ शकतात. आणि नेमकी हीच वेळ झोपेत जाते.

मध्यरात्रीनंतर, १
लाळ गळते, उलटी होते, श्वास भरभर चालतो. पेशींचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन संपत आलंय. हिमोग्लोबिनचं रूपांतर मेथहिमोग्लोबिनमध्ये होतंय, आणि ते ऑक्सिजन वाहू शकत नाही.

पहाटे ४
वरचा ओठ बोटाने उचलून पाहिला तर गुलाबी हिरड्या मातकट, चॉकलेटी झालेल्या दिसतील. रक्ताचाच रंग बदललाय. तांबड्या पेशी फुटू लागल्यात.

सोमवार, सकाळी ८
तोंड सुजलंय, पुढचे पंजे फुगलेत. लघवी गडद तपकिरी. अजूनही उतारा आहे: ॲसिटिलसिस्टीन, माणसांना याच विषबाधेत देतात तेच. सोबत ऑक्सिजन, गरज पडली तर रक्त. पण दर तासागणिक आशा कमी होतेय.

सकाळी ११
दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘घरी काही औषध दिलंत का?’ ओशाळून उत्तर येतं, ‘नाही हो, काहीच नाही.’ या एका उत्तरापायी उतारा आणखी लांबतो.

सोमवार दुपार ते मंगळवार सकाळ
१८ ते ३६ तासांच्या दरम्यान बहुतेकदा मृत्यू येतो. फुप्फुसांत हवा जात असते, पण रक्त त्या हवेतला ऑक्सिजन पेशींपर्यंत पोहोचवू शकत नाही.

हा घटनाक्रम रविवारी रात्री सव्वानऊलाच थांबवता आला असता. मांजर बरं दिसतंय की नाही, याची वाट बघू नका. गोळी पोटात गेली, एवढं कारण पुरेसं आहे, लगेच निघा. गोळ्यांची पट्टी बरोबर घ्या, किती दिली आणि किती वाजता ते खरं सांगा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्यानेही विषबाधा होते. कुत्र्याचं शरीर पॅरासिटामॉल थोडं जास्त सोसतं, पण मोठी मात्रा त्याचंही यकृत निकामी करते. आणि आयब्युप्रोफेन दोघांच्याही पोटात व्रण पाडतं, मूत्रपिंडं बंद पाडतं.

रात्री कोणता पशुवैद्य फोन उचलतो, हे आजच विचारून नंबर फोनमध्ये ठेवा. आणि मात्रा कितीही लहान असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय माणसाची गोळी प्राण्याच्या तोंडात घालू नका.