कानशीच्या खुणा

काही वर्षांपूर्वी जुन्या शस्त्रांच्या एका खासगी संग्रहाची सूची मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यात कोल्टच्या १८५१च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरची नोंद होती आणि नोंदीच्या शेवटी एक छोटं वाक्य : ‘पाचर वगळता सर्व क्रमांक जुळतात.’ अनुवादाला अवघड असं त्यात काहीच नव्हतं, तरी मी तिथे अडले.

वाक्याचा अर्थ संग्राहकांना पाठ असतो. या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर, चौकटीवर, सिलिंडरवर, चापाच्या कडीवर, मुठीच्या पट्टीवर आणि नळी जागेवर धरून ठेवणाऱ्या छोट्या पोलादी पाचरीवरही एकच अनुक्रमांक ठोकलेला असतो. सगळे क्रमांक जुळले तर वस्तूचं मोल वाढतं. माझी अडचण वेगळी होती. यंत्रयुगाच्या इतिहासात सॅम्युएल कोल्टचं नाव येतं ते अदलाबदल करता येणाऱ्या भागांसाठी. शंभर रिव्हॉल्व्हरं सोडवा, भागांचे ढीग एकमेकांत मिसळा, हाताला येईल तो भाग घेऊन जोडत जा, शंभर रिव्हॉल्व्हरं पुन्हा तयार. हे खरं असेल, तर कुठला भाग कोणाचा याची नोंद पोलादावर ठोकून ठेवायची गरज का पडली?

मुळात ही कल्पना जन्मली ती दुरुस्तीच्या गरजेतून. मोहिमेवर बंदुकीचा एक भाग मोडला, की तो भाग पुन्हा घडवून त्याच बंदुकीला बसवणारा कारागीर सापडेपर्यंत ती निकामी. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ या बंदूक घडवणाऱ्याने यावर तोड काढली. १७८५ साली अमेरिकेचा तिथला प्रतिनिधी थॉमस जेफरसन त्याच्याकडे गेला. ब्लाँने पन्नास बंदुकींच्या कळींचे सुटे भाग कप्प्यांत घालून समोर ठेवले. जेफरसनने हाताला लागतील ते भाग उचलून काही कळी स्वतः जोडल्या, आणि त्या चपखल बसल्याचं मायदेशी पत्राने कळवलं.

अमेरिकेत ही कल्पना रुजली ती एलाय व्हिटनीमुळे, असं दीर्घकाळ सांगितलं गेलं. १७९८ साली त्याने सरकारला दहा हजार मस्केट दोन वर्षांत देण्याचा करार केला. शेवटची मस्केट पोहोचली १८०९ मध्ये. पुढे रॉबर्ट वुडबरी या इतिहासकाराने १९६०च्या लेखात दाखवून दिलं, की त्या मस्केटांचे भाग एकमेकांना बसत नव्हते. एकमेकांना खरोखर बसणारे भाग केले ते जॉन हॉलने, १८२०च्या दशकात, हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात. त्यासाठी मापं तपासणाऱ्या साच्यांचा मोठा संच, वर्षानुवर्षांचा वेळ आणि सरकारी तिजोरी लागली. खासगी कारखानदाराला हा हिशेब परवडणारा नव्हता.

कोल्ट खासगी कारखानदार होता. पॅटरसनचा त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला होता. पुढे हार्टफर्डमध्ये जम बसल्यावर १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने आपली रिव्हॉल्व्हरं मांडली. त्याच वर्षी तिथल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे यंत्राने शस्त्रं घडवण्यावर व्याख्यान दिलं आणि १८५३ मध्ये थेम्सकाठी पिमलिकोत कारखाना काढला. तिथली हजारो रिव्हॉल्व्हरं क्रायमियाच्या युद्धात गेली. १८५७च्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला लागून काही हिंदुस्थानातही पोहोचली.

१८५४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने छोट्या शस्त्रांच्या उत्पादनाची चौकशी केली. वाफेच्या घणाचा जनक जेम्स नॅस्मिथ याने कोल्टचा कारखाना पाहिला होता आणि तिथली यंत्रं पाहून तो भारावला होता. पण त्याच समितीपुढे कोल्टच्या कामाची आतून माहिती असलेल्या एका माणसाची साक्षही झाली. या रिव्हॉल्व्हरांचे भाग अदलाबदलीचे नाहीत, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर कामाच्या क्रमात होतं. यंत्र भागाला जवळजवळ अंतिम आकार देई. त्या ‘जवळजवळ’पासून पुढे कारागिराचं काम सुरू होई. पोलाद अजून मऊ असताना तो कानशीने घासून भाग एकमेकांना बसवायचा. मग त्यांवर क्रमांक ठोकायचे, रिव्हॉल्व्हर पुन्हा सोडवायचं आणि जे भाग कठीण करायचे ते भट्टीत द्यायचे. भट्टीतून आलेल्या ढिगातून पुन्हा तेच सोबती शोधायचे. क्रमांक होते ते या शोधासाठी. १९८८ मध्ये रॉबर्ट गॉर्डन या अभ्यासकाने स्प्रिंगफील्डच्या सरकारी बंदुकींच्या भागांवरच्या कानशीच्या खुणा तपासल्या. एकोणिसाव्या शतकात मापं काटेकोर होत गेली, त्यात यंत्रांइतकाच कानस चालवणाऱ्या हातांचा वाटा होता, असं त्याला दिसलं. प्रदर्शनात यंत्रं मांडली गेली. ते हात कुणी मांडले नाहीत.

आज असं रिव्हॉल्व्हर दुरुस्त करणाऱ्यापुढे हाच इतिहास रोज येऊन पडतो. या बनावटीत वारंवार मोडतात त्या आतल्या पातळ पट्टीच्या स्प्रिंगा. झिजते ती सिलिंडर अडवून धरणारी खिट्टी आणि घोडा ओढला की सिलिंडर पुढे ढकलणारा भाग, ज्याला इंग्रज कारागीर ‘हात’च म्हणतात. हा ‘हात’ किंचित लांब वा आखूड झाला, तर सिलिंडर नळीच्या रेषेत येत नाही. नवा भाग मिळतो, कारण गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून इटलीत, मुख्यतः गार्दोने वाल ट्रोंपियाच्या परिसरात, या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती होतात. पण तो भाग थेट बसेल याची खात्री नसते. प्रतिकृतींचे स्क्रू मेट्रिक आट्यांचे असतात. मूळ रिव्हॉल्व्हर तर अमेरिकेत आट्यांचं प्रमाण ठरण्याच्या आधीचं. विल्यम सेलर्सने ते मांडलं १८६४ मध्ये. हरवलेला स्क्रू म्हणून पुष्कळदा नव्याने कातावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या मोडक्या रिव्हॉल्व्हरमधून अस्सल भाग काढणं. तो अस्सल असतो, पण त्याच्यावर दुसऱ्याचा क्रमांक असतो, आणि त्यालाही कानस लावावीच लागते.

आपल्याकडचा कायदाही या प्रश्नापर्यंत येतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात आणि दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. कलम ४५ मात्र कालबाह्य बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट देतं, जर ते दुरुस्ती करून अथवा न करता चालवता येण्याजोगं नसेल तर. म्हणजे एखादी वस्तू शस्त्र आहे की स्मृती, हे ठरवताना कुणी तिला पुन्हा चालती करू शकेल का, असं कायदा विचारतो. उत्तर लोखंडात जितकं आहे, तितकंच दुरुस्त करणाऱ्याच्या कसबात आहे.

मराठीत आपण ‘सुटे भाग’ म्हणतो. सुटा म्हणजे कोणाशी बांधला नसलेला. ब्लाँला असाच भाग हवा होता आणि कोल्टने विकला तो त्याचाच लौकिक. अनुवादाच्या धंद्यात मलाही असा भाग कधी मिळाला नाही. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आले, ‘घोडा’ आणि ‘चाप’ आपण घरातून काढून दिले. आज चौघं एका वाक्यात सुखाने नांदतात, कारण आपल्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी त्यांच्या कडा घासल्या आहेत.

सूचीतलं वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं. पाचरीचं कोडं मात्र तोवर उलगडलं होतं. रिव्हॉल्व्हर साफ करताना नळी काढायची तर आधी पाचर ठोकून सैल करावी लागते, त्यामुळे सुटी होऊन हरवणाऱ्या भागांत तिचा नंबर वरचा. या रिव्हॉल्व्हरची पहिली पाचर अशीच कधीतरी गेली असणार. मग कुणीतरी दुसऱ्याची आणली, कानशीने बेताची केली आणि ठोकून बसवली. सूचीच्या लेखी ते मोलातलं उणं होतं. त्या माणसाचं नाव कुठेच नाही, आहे तो एक न जुळणारा क्रमांक.