फुर्मिंट: एक द्राक्ष, एक दंतकथा आणि एका नावाची लढाई

१/ हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यात, झेंप्लेन डोंगररांगेच्या पायथ्याशी, टोकाय नावाचे एक लहानसे गाव आहे. बोद्रोग नदी इथे तिसा नदीला मिळते. या संगमाभोवतीच्या टेकड्यांवर फुर्मिंट हे पांढरे द्राक्ष पिकते. त्याच्या वाइनसाठी रशियाच्या दरबाराने इथे स्वतःची माणसे ठेवली. पुढे तिच्या नावावरून युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला. #इतिहास #थ्रेड

२/ आधी द्राक्षाविषयी. फुर्मिंट उशिरा पिकते आणि पूर्ण पिकल्यावरही आपली आंबट धार सोडत नाही. जनुकीय तपासणीत त्याचे थेट नाते ‘गुए ब्लां’ या जुन्या युरोपीय जातीशी जुळते. हे तेच द्राक्ष, ज्याच्या वंशावळीत शार्दोनेही येते. म्हणजे ज्याची वाइन राजेरजवाड्यांच्या मेजावर गेली, त्याचे कूळ मात्र शेतकऱ्यांच्या साध्या द्राक्षाचे आहे.

३/ टोकायची जमीन प्राचीन ज्वालामुखींनी घडवलेली आहे. पण खरा चमत्कार हवेचा. शरद ऋतूत नद्यांवरून सकाळी धुके चढते आणि दुपारी उन्हाने ते विरते. या ओल्या-कोरड्या खेळात द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. सतत पाऊस पडला तर हीच बुरशी घडच्या घड सडवते. ऊन मिळाले तर ती सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, आतले पाणी उडून जाते आणि साखर व आम्ल दाटून राहते.

४/ अशा सुकलेल्या, सुरकुतलेल्या मण्याला हंगेरियन भाषेत ‘आसू’ म्हणतात. एका घडातले सगळे मणे एकाच वेळी आसू होत नाहीत. त्यामुळे मजुरांना तेच वेल पुन्हा पुन्हा फिरून एकेक मणी वेचावा लागतो. हे मणी ‘पुट्टोन्य’ नावाच्या पाठीवरच्या लाकडी पाटीत गोळा होत. सुमारे १३६ लिटरच्या पिंपाला किती पाट्या आसू घातला, यावरून वाइनचा दर्जा ठरे. मोजमापाचे हे एककच वेचणाऱ्याच्या पाठीवरून आले आहे.

५/ ही वाइन जन्मली कशी? टोकायमध्ये एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. १६३० च्या सुमारास तुर्कांच्या स्वारीच्या भीतीने ओरेमुश मळ्याची तोडणी लांबली. तोवर द्राक्षे सुकली. सेप्शी लात्स्को माते या धर्मोपदेशकाने हिंमत करून त्यांचीच वाइन केली आणि ईस्टरच्या सणाला ती आपल्या मालकीणबाई झुझाना लोरांत्फी यांना अर्पण केली.

६/ गोष्ट सुंदर आहे. कागदपत्रे मात्र तिला साथ देत नाहीत. ‘आसू’ वाइनचा उल्लेख १५७१ च्या एका मालमत्तेच्या दस्तऐवजात सापडतो. १५९० मध्ये छापल्या गेलेल्या एका लॅटिन-हंगेरियन शब्दकोशातही हा शब्द आहे. झुझाना लोरांत्फी यांचा जन्मच १६०० च्या सुमारास झाला. शब्दकोशात जाण्याइतकी रुळलेली वस्तू त्यानंतर चाळीस वर्षांनी ‘शोधली’ जाऊ शकत नाही.

७/ मग दंतकथा टिकली का? कारण तिच्यात एक नायक आहे, एक थोर घराणे आहे आणि एक सण आहे. लोरांत्फी या पहिल्या जॉर्ज राकोत्सी यांच्या पत्नी आणि ट्रान्सिल्व्हेनियाच्या राजपत्नी होत्या. प्रत्यक्षात आसूची पद्धत कित्येक पिढ्यांच्या अनामिक मळेकऱ्यांनी, फसलेल्या आणि साधलेल्या हंगामांतून घडवली असणार. परंतु अनामिकांची गोष्ट सांगणे दंतकथेला जमत नाही.

८/ याच राकोत्सी घराण्यातील दुसऱ्या फेरेन्स राकोत्सी यांनी १७०३ मध्ये हाब्सबुर्ग सत्तेविरुद्ध बंडाचे नेतृत्व केले. त्यांना फ्रान्सचा पाठिंबा हवा होता. त्यांनी चौदाव्या लुईकडे टोकायची वाइन भेट म्हणून पाठवली. ‘वाइनांचा राजा, राजांची वाइन’ हे प्रसिद्ध बिरूद लुईच्याच तोंडी घातले जाते. बंड १७११ मध्ये मोडले, राकोत्सींची मालमत्ता जप्त झाली आणि १७३५ मध्ये तुर्की भूमीवर निर्वासित अवस्थेत त्यांचा मृत्यू झाला.

९/ त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १७३७ मध्ये, हाब्सबुर्ग सम्राट सहाव्या कार्लच्या फर्मानाने टोकायच्या द्राक्षप्रदेशाची हद्द ठरवली गेली. कोणत्या गावांची वाइन ‘टोकाय’ आणि कोणत्या गावांची नाही, हे आता कायदा सांगू लागला. याला कधीकधी जगातील पहिले सीमांकन म्हटले जाते. ते पूर्णतः खरे नाही, कारण टस्कनीत कियांतीची हद्द १७१६ मध्येच आखली गेली होती. तरी पोर्तुगालच्या दोरू खोऱ्याच्या (१७५६) आधीचे हे पाऊल आहे.

१०/ या काळात टोकायचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक पोलंड होते. रशियाच्या दरबाराने तर वाइन खरेदीसाठी टोकायमध्ये कायमचे पथकच ठेवले. युक्रेनियन तत्त्वज्ञ ह्रिहोरी स्कोवोरोदा १७४५ मध्ये या पथकासोबत इथे आला होता. पुढे पोलंडची तीन शेजारी सत्तांनी फाळणी केली. नव्या सीमा आणि नव्या जकाती आल्या, आणि टोकायची जुनी बाजारपेठ विस्कटली.

११/ हा व्यापार चालवणाऱ्यांत ज्यू कुटुंबांचा वाटा मोठा होता. माद या गावातील १७९५ चे सिनेगॉग त्या समृद्धीची साक्ष देते. १९४४ मध्ये मादच्या ज्यू रहिवाशांना आउश्वित्झला पाठवण्यात आले. सिनेगॉगची वास्तू आज जीर्णोद्धार होऊन देखणी उभी आहे. तिच्यात प्रार्थना करणारा समाज मात्र उरलेला नाही. टोकायच्या इतिहासात राजे जितक्या वेळा येतात, तितक्या वेळा ही कुटुंबे येत नाहीत.

१२/ त्याआधी वेलींवरही संकट येऊन गेले होते. १८८५ च्या सुमारास मुळे कुरतडणारी फायलोक्सेरा ही कीड टोकायमध्ये पोहोचली आणि मळे ओसाड झाले. पुढची लागवड अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून झाली. पूर्वीच्या अनेक जाती तेव्हा मागे पडल्या आणि फुर्मिंट, हार्शलेवेल्यू आणि मस्कट यांवर भर आला. ‘प्राचीन परंपरा’ म्हणून आज दिसणारे फुर्मिंटचे एवढे वर्चस्व या आपत्तीनंतर पक्के झाले.

१३/ पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या त्रियानों तहाने हंगेरीच्या सीमा नव्याने आखल्या. टोकाय प्रदेशाचा छोटा भाग चेकोस्लोव्हाकियात गेला. आज तो स्लोव्हाकियात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी राजवटीने मळे आणि तळघरे सरकारी ताब्यात घेतली. ट्रॅक्टर चढत नाहीत म्हणून उतारावरची जुनी शेते सुटली, लागवड सपाटीवर आली. सोव्हिएत बाजाराला माल भरपूर हवा होता. कोणत्या उतारावरचे द्राक्ष, हे विचारणारे कोणी उरले नाही.

१४/ १९९० नंतर दारे उघडली. फ्रेंच विमा कंपनी, स्पॅनिश वाइन घराणे, ब्रिटिश लेखक ह्यू जॉन्सन यांच्यासारखे गुंतवणूकदार आले. पण टोकायला आपले नाव परदेशांत वेगळ्याच बाटल्यांवर दिसत होते. इटलीच्या फ्रिउली प्रांतात ‘तोकाई फ्रिउलानो’ होते, फ्रान्सच्या अल्सासमध्ये ‘टोके पिनो ग्री’. या दोन्हींचा फुर्मिंटशी काडीचाही संबंध नाही.

१५/ हंगेरीने १९९३ मध्ये युरोपीय समुदायाशी करार करून नावाचे संरक्षण मिळवले. इटलीच्या बाजूने तो न्यायालयात आव्हानला गेला. तिथल्या बागायतदारांची व्यथाही खोटी नव्हती: पिढ्यान्‌पिढ्या ज्या नावाने त्यांनी आपले द्राक्ष ओळखले, तेच नाव आता परके ठरत होते. २००५ मध्ये युरोपीय न्यायालयाने करार कायम ठेवला. २००७ च्या मार्चअखेरीनंतर इटलीतील ती वाइन केवळ ‘फ्रिउलानो’ झाली.

१६/ निकालामागचे तत्त्व असे: टोकाय हे जागेचे नाव आहे, जातीचे नाही. फुर्मिंटला असे कुंपण नाही. स्लोव्हेनियात त्याला ‘शिपोन’ म्हणतात, क्रोएशियात ‘मोस्लावत्स’, आणि ऑस्ट्रियाच्या रुस्ट गावातही त्याची गोड वाइन होते. वेल सीमा ओलांडून जाऊ शकते. संगमावरचे धुके, ज्वालामुखीची माती आणि मणी वेचण्याची सवय तिच्यासोबत जात नाही.

१७/ गेल्या दोन-अडीच दशकांत टोकायमध्ये कोरडी, म्हणजे साखर न उरलेली फुर्मिंट वाइनही नावारूपाला आली आहे. तिच्या बाटलीवर बहुधा एकेका मळ्याचे नाव छापलेले असते. साम्यवादी काळात विस्मरणात गेलेले उतार असे पुन्हा नावानिशी ओळखले जाऊ लागले. २००२ मध्ये या प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मादचे सिनेगॉग, जमिनीखालची जुनी तळघरे आणि उतारांवरच्या दगडी बांधांच्या ओळी ज्याला एकत्र वाचता येतील, त्याला टोकायचा इतिहास बराचसा कळेल.