अजिंठ्याच्या भिंतीवरील एक मिश्रण

मीठ आणि वाळू एकत्र झालीं असतां तीं वेगळीं कशीं करावींत, हें शाळेंतील कोणताही मुलगा सांगेल. पाणी घालावें, ढवळावें, गाळून घ्यावें. परंतु मिश्रणांतील जी वस्तू जपावयाची, तीच पाण्यानें नाश पावणारी असली तर? आमच्या छत्रपती संभाजीनगराहून सुमारें १०० किलोमीटरांवर, अजिंठ्याच्या लेण्यांत, हाच प्रश्न रसायनशास्त्रज्ञांपुढें येऊन ठेपला.

१८१९ सालीं जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यास हीं लेणीं दिसलीं. पुढें रॉबर्ट गिल यानें चित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ त लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स साहेबांनीं १८७२ पासून पुन्हां नकला करविल्या. त्यांपैकींही पुष्कळ १८८५ त लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमध्यें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. म्हणजे काय तें भिंतीवरच राहिलें!

१९२० त निजाम सरकारनें लोरेन्झो चेक्कोनी प्रभृति इटालियन तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटूं लागलेला गिलावा चिकटविला आणि वर लाखेचें रोगण चढविलें. तें पुढें पिवळें पडलें, त्यांत काजळी व धूळ बसली, आणि चित्रें काळवंडलीं. आज त्यांस दोष देणें सोपें आहे. पण त्यांनीं न सांवरलेला गिलावा केव्हांच खालीं आला असता.

हें रोगण काढावयाचें तर त्याच्याखालीं काय आहे, हें आधीं कळावयास हवें. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत मद्रासचे एस. परमशिवन यांनीं हें पृथक्करण केलें. पिवळी माती तापविली कीं तांबडी होते. आम्लाच्या थेंबानें चुना फसफसतो, चिनी माती स्वस्थ राहते. अफगाणिस्तानांतून येणाऱ्या निळ्या लाजवर्दावर आम्ल पडतांच रंग उडून कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. अशा परीक्षा आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही येतात. मात्र तेथें नमुना राईएवढा! निष्कर्ष महत्त्वाचा निघाला: युरोपांतल्याप्रमाणें ओल्या चुन्यांत रंग मुरविलेले नाहींत, सरसासारख्या द्रव्यानें ते कोरड्या भूमीवर बसविले आहेत. अर्थात् पाणी वर्ज्य.

लाख मद्यार्कांत विरघळते, सरस विरघळत नाहीं. सारी भिस्त या एका भेदावर. त्यांतही जुनी लाख कठीण होऊन सहजासहजीं विरघळत नाहीं. म्हणून पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांस बोटभर जागेवर द्रावकाचा बोळा फिरवून वाट पाहावी लागते. बोळा पिवळा झाला तर लाख निघत आहे. तांबूस दिसूं लागला, कीं हात तेथेंच थांबवावयाचा, कारण तो गेरू असतो.